कुंपणाबाहेरची गिटार

मित्रांनो, ट्रेसा स्टिडहॅमच्या पहिल्या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्याच्या वेष्टनावर एक मुलगी लाकडी पायरीवर बसलेली दिसते आणि तिच्या मांडीवर एक काळपट, पोटाशी टवका उडालेली गिटार. ती गिटार मी. आत अकरा गाणी आहेत आणि त्यांत माझा एकही सूर नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी तक्रार आहेच, पण माझा स्वतःचा दोष त्याहून मोठा आहे, आणि तोच सांगायला आज तोंड उघडलं आहे.

माझा जन्म केंटकीच्या डोंगरातल्या एका शेडमध्ये झाला. ट्रेसाचा मोठा भाऊ डेन्व्हर कोळशाच्या खाणीत होता. त्या हिवाळ्यात संप झाला, खाण सहा आठवडे बंद राहिली आणि त्याच्या रिकाम्या हातांना काही सुचेना. शाळेने टाकून दिलेल्या पियानोची फळी त्याने माझ्या पुढच्या अंगाला लावली. मागची बाजू आणि कडा अक्रोडाच्या लाकडाच्या, त्या त्याने आजोबांच्या पलंगातून कापल्या.

"अरे मेल्या, त्या पलंगावर तुझा बाप जन्मला होता!" त्याची आई ओमा दारातून ओरडली.

"मग काय बिघडलं? आता गाणी जन्मतील," डेन्व्हर म्हणाला.

बाप तेव्हा हयात नव्हता. कोळशाच्या धुळीने त्याची छाती आधीच खाल्ली होती. ओमा पदरचं दुःख चारचौघांत मांडणारी नव्हती. ती पुटपुटत आत गेली आणि चुलीवरचा घेवडा उगाच ढवळत बसली. माझी मान किंचित वाकडी झाली होती, त्यामुळे चौथी तार नेहमी थोडी कुरकुरायची. डेन्व्हरला ते आवडायचं. त्याने दहा वर्षांच्या ट्रेसाची इवलीशी बोटं माझ्यावर टेकवून तिला पहिले सूर शिकवले. ती चुकली की तो तिला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवायचा. ते दिवस माझे सगळ्यात चांगले दिवस होते.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. ओमा ज्या चर्चची होती तिथे वाद्याला मज्जाव होता. देवाला माणसाचा गळा पुरतो, अशी त्यांची जुनी समजूत. एक जण गाण्याची ओळ सांगतो आणि बाकीचे ती ओळ लांबवत, वळवत, सावकाश म्हणतात. एका ओळीला पाणी उकळेल एवढा वेळ जातो. घरात, ओसरीवर माझ्याबद्दल कुणाची हरकत नव्हती. फक्त चर्च आणि टेकडीवरची दफनभूमी या दोन जागी मी जायचं नाही, एवढंच.

मग एका मार्चमध्ये खाणीचं छत कोसळलं. डेन्व्हर तेविसाव्या वर्षी गेला.

मी खिळ्यावर लटकत राहिले. कुणी मला हात लावला नाही आणि लावावा असं मलाही वाटलं नाही. आमच्याकडे दर जूनमध्ये टेकडीवर मेळा भरतो. गेलेल्यांची माणसं लांबलांबून येतात, थडगी साफ करतात, प्रवचन होतं आणि मग प्रत्येक घरचं माणूस आपल्या थडग्यापाशी उभं राहून एक गाणं सुरू करतं. बाकीचे मागून ते उचलतात. गाणं चालू असतानाच सगळे एकमेकांचे हात हातात घेत फिरतात. त्या जूनमध्ये ओमाने स्वतः केलेलं गाणं म्हटलं. त्यात डेन्व्हरचं नाव होतं, खाणीच्या तोंडापाशी ठेवून दिलेला त्याचा जेवणाचा डबा होता आणि दारातला दिवा होता. ट्रेसाने मला सोबत नेलं होतं; मी दफनभूमीच्या कुंपणाबाहेर, ट्रकमध्ये, पांघरुणाखाली होते. तिथून मी ते ऐकलं. ज्याने मला घडवलं त्याचं ते गाणं होतं.

ओमा ते वर्षातून एकदाच म्हणायची. घरात कधी नाही, भांडी घासताना गुणगुणायचीसुद्धा नाही.

ट्रेसा मोठी झाली. तिचा आवाज असा की रस्त्यावरून जाणारी गाडी थांबावी. विसाव्या वर्षी ती मला पाठीवर टाकून नॅशव्हिलला गेली. तिथे दिवसा हॉटेलात बशा उचलायची आणि संध्याकाळी गायची. दोन वर्षांनी एका कंपनीने तिला बोलावलं. रेकॉर्डिंग बघणारा माणूस होता वेंडल प्रुइट. माणूस वाईट नव्हता, पण सदा घाईत. त्याने पहिल्याच दिवशी मला दोनदा वाजवून बघितलं आणि खाली ठेवलं.

"डब्यात बसून कुणी बोलतंय असा आवाज आहे हिचा. आमचा माणूस वाजवेल, त्याच्याकडे चांगली गिटार आहे."

"पण माझ्या भावाने बनवलीये ती," ट्रेसा म्हणाली.

"मग फोटोत घेऊ ना! फोटोत फार छान दिसेल."

अशी मी फोटोत गेले.

दहा गाणी झाली. अकरावं काही जमेना. ट्रेसाने लिहिलेली चार गाणी वेंडलने नाकारली. त्या दुपारी ती खोलीवर आली, माझ्याशेजारी पलंगावर पडली आणि छताकडे बघता बघता आईचं गाणं हळूच म्हणू लागली. मग उठून तिने मला जवळ घेतलं.

मित्रांनो, माझा गुन्हा इथे आहे. गिटारला नाही म्हणता येत नाही असं समजू नका. तार तोडता येते. सूर उतरवता येतो. वाकडी मान आहेच, कुरकुर करता येते. मी त्यातलं काहीच केलं नाही. इतकी वर्षं मी ते गाणं कुंपणाबाहेरून ऐकत आले होते, एकदा तरी ते माझ्या अंगातून जावं म्हणून झुरत होते. त्या दुपारी मी जशी वाजले तशी आयुष्यात वाजले नव्हते. चौथी तारसुद्धा शहाण्यासारखी वागली. ट्रेसाचे डोळे भरून आले. तिला वाटलं, हे गाणं घ्यायला कौल मिळाला.

दुसऱ्या दिवशी ते ऐकून वेंडल खुर्चीतून उठलाच. "हे कुणाचं?"

"आईचं."

"अल्बमचं नशीब आहे हे! फक्त लय वाढवू. लोक गाडीत ऐकतात बाई, मातीला आलेले नसतात."

ट्रेसाने ते मानलं. मग एका गोष्टीवर ती हटून बसली: वेष्टनावर 'शब्द आणि चाल: ओमा स्टिडहॅम' असं छापायचंच. कंपनीला ते नको होतं. अनोळखी नावाचा काय उपयोग, म्हणे. ती तीन दिवस भांडली आणि जिंकली. आईला मात्र तिने काही कळवलं नाही. छापलेलं नाव एकदम आईच्या हातात द्यायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आईचा मान करायचा होता हो तिला. खोटं कशाला बोलू?

अल्बम घेऊन आम्ही घरी गेलो. ओमाने चष्मा लावून मागची बाजू वाचली. आपल्या नावावरून बोट फिरवलं.

"जेवलीस का?" तिने विचारलं. मक्याची भाकरी आणि घेवडा वाढून ती मागच्या दाराने कोंबड्यांकडे निघून गेली. ट्रेसाला वाटलं, आई भारावली.

पुढे काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. ते अकरावं गाणंच डोक्यावर घेतलं गेलं. रेडिओवर तेच, दुकानांत तेच, दारूच्या गुत्त्यांत तेच. 'डेन्व्हर' हे नाव आलं की हजारो लोक टाळ्यांचा ठेका धरायचे. मी मंचावर तिच्या गळ्यात असायचे. माझ्या आवाजाने भोंग्यांत शिट्टी यायची म्हणून माझ्या तोंडात स्पंज कोंबलेला असायचा. आवाज मागच्या माणसाच्या गिटारचा. लोक मला पाहून ओरडायचे, "तीच ती!" कौतुकाने मी फुगून गेले होते, हेही कबूल करते. कंपनीने विक्रमी खपाची सोनेरी तबकडी काचेत मढवून ओमाला पाठवली. तिने ती भिंतीकडे तोंड करून पिठाच्या डब्यामागे उभी केली.

पुढच्या वसंतात लेक्सिंग्टनला कार्यक्रम होता. दुपारी बसमध्ये व्हेस्टा आली, ओमाची धाकटी बहीण. हातात पर्स घट्ट धरून ती दारातच उभी राहिली.

"ये ना मावशी, बस. काही खाणार?"

"खायला नाही आले. तुझ्या आईचं नाव चर्चमधून काढलं, ठाऊक आहे तुला?"

ट्रेसा हातातला कप ठेवायचं विसरली.

"तिचं नाव छापलंस ना तू मोठं? गुत्त्यात लोक ज्या गाण्यावर नाचतात त्याखाली? ब्रदर एल्झीने चर्चच्या सभेत उभं करून विचारलं तिला. 'सिस्टर ओमा, मुलीने न विचारता घेतलं असेल तर तसं सांगा, विषय इथेच मिटवू.'"

"मग? तसंच तर झालं होतं! सांगायचं ना तिने!"

"सांगायचं ना! तुझी आई काय म्हणाली माहितेय? 'गाणं माझं, नाव माझं. मुलीचं नाव यात आणू नका.' आणि येऊन खाली बसली. चाळीस वर्षं त्या बाकावर बसलीये ती. आता कुणी हात हातात घेत नाही तिचा. जूनमध्ये डेन्व्हरपाशी गाणं धरता येणार नाही तिला."

"मला फोन का नाही केला कुणी?"

"तू तिला केला होतास का, गाणं घेताना?" व्हेस्टा म्हणाली. लगेच तिलाच रडू आलं.

जूनमध्ये ट्रेसाने तीन कार्यक्रम सोडले आणि ती टेकडीवर आली. मला ट्रकच्या मागच्या फळीवर ठेवलं. ओमा तिथेच येऊन बसली, माझ्या शेजारी, कुंपणाबाहेर. निळा झगा, मांडीवर थरांच्या केकचा डबा. ट्रेसा सरळ ब्रदर एल्झीकडे गेली. तो चर्चचा उपदेशक, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा होता. डेन्व्हरला त्यानेच पुरलं होतं.

"चूक माझी आहे. मी विचारलं नव्हतं तिला. तिला आत घ्या."

"हे सभेत येऊन सांग, पोरी. शनिवारी. आज इथे गेलेल्यांचा दिवस आहे, भांडणाचा नाही."

"आणि डेन्व्हरचं गाणं?"

"तुमच्या घरातून कुणी धरलं तर होईल," तो म्हणाला आणि वळला.

प्रवचनं झाली. एकेका थडग्यापाशी गाणी झाली. डेन्व्हरच्या दगडापाशी सगळे आले आणि थांबले. ओमाने डब्याच्या कडा घट्ट धरल्या. मग ट्रेसा पुढे झाली आणि तिने गाणं सुरू केलं.

मित्रांनो, तिला ते येईना. शब्द सगळे आले, पण ते मंचावरच्या वेगाने आले. दीड वर्ष जवळजवळ रोज तिने ते तसंच म्हटलं होतं. तिचा पाय आपोआप ठेका धरू लागला. माणसं ओळ लांबवायला तोंड उघडायची, तोवर ती पुढच्या ओळीवर पोचलेली. मागे सिनसिनाटीहून आलेली दोन चुलत भावंडं होती, रेडिओवरूनच गाणं माहीत असलेली. ती टाळ्या वाजवू लागली. त्यांच्या आईने त्यांचे हात धरले. ट्रेसा थांबली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिच्या गळ्यातून काही निघेना आणि भावाच्या दगडासमोर ती नुसती उभी राहिली.

तेव्हा माझ्या शेजारून आवाज आला. ओमाने बसल्या जागेवरून, उठण्याचीही तसदी न घेता, पहिली ओळ सांगितली. सावकाश.

आत कुणी हललं नाही. नाव काढलेल्या बाईच्या मागून म्हणायचं नसतं. सगळे ब्रदर एल्झीकडे बघत होते आणि तो जमिनीकडे. ओमाने तीच ओळ पुन्हा सांगितली. म्हाताऱ्याने डोळे मिटले, आणि मित्रांनो, त्यानेच ती ओळ उचलली, खरखरत्या, थकल्या आवाजात. मग सगळ्यांनी.

गाणं चालू असताना हातात हात फिरू लागले. ते कुंपणाशी येऊन थांबत होते. ट्रेसा कुंपणाच्या तारेपाशी आली आणि तिने पलीकडे हात केला. ओमा उठून आली. तिने तो हात घेतला, पण मुलीकडे पाहिलं नाही, दगडाकडेच पाहत राहिली. दोन ओळींच्या मधल्या श्वासात ती हलकेच म्हणाली,

"हळू म्हण, बाळ. तो काय पळून चाललाय?"

त्या शनिवारी ट्रेसा सभेत उभी राहिली. ओमाचं नाव परत घ्यायचं की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. म्हातारी माणसं आहेत, वेळ घेतात. ट्रेसा आता ते गाणं मंचावर म्हणत नाही. लोक त्याच्यासाठी ओरडतात, पैसे परत मागतात. ती उभी राहून ऐकून घेते. अल्बम मात्र अजून खपतो. छापलेलं काही परत बोलावता येत नाही.

मित्रांनो, आम्ही मुकी वाद्यं. आमची काळजी घ्या. ओलीत ठेवू नका, तारा गंजल्या तर बदला, तडा गेला तर फेकून न देता जाणत्याकडून जोडून आणा. हे सगळं मी हक्काने मागते. पण माझं एक ऐका. कधी मी तुमच्या हाती आले तर ते एक गाणं माझ्यावर वाजवू नका. मी नको म्हणणार नाही, इतकं मला ते आवडतं. म्हणून 'नको' तुम्हीच म्हणा.