साठ कोसांची वाट

धाकटीच्या कादंबऱ्यांमधलं राज्य पुरतं खोटं होतं, पण त्यातली एकही नदी चढावर वाहत नव्हती, आणि याचं श्रेय थोरलीचं. थोरली भूमापन कार्यालयात नकाशे तपासायची. बहिणीने पहिल्या पुस्तकासाठी डोंगर-नद्या खरडून आणल्या तेव्हा ती म्हणाली होती, "लाखभर माणसं वसवलीस, ती पाणी कुठलं पिणार? आणि कचरा कुठे टाकणार, राजाच्या उशाशी?" मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर रविवारमागून रविवार बसून दोघींनी नदी खाली आणली, घाट वळवले, राजधानी निम्म्याने लहान केली. तीन पुस्तकं त्या नकाशावर चालली. खाली थोरलीचं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असे आणि ती ते भिंग लावून बघत असे.

चौथ्या पुस्तकाला प्रकाशकाने चित्रकार दिला.

"ताई, काय हात आहे गं त्याचा!" धाकटी सांगत सुटली. "त्याचे डोंगर बघून थंडी वाजते. आणि जमतंही आमचं. दोन-दोन तास बोलत बसतो आम्ही."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. डोंगर कुठे आणि किती उंच, हे ठरवलं कोणी होतं? आयत्या बिळावर नागोबा! नव्याचे नऊ दिवस, असं तिने मनाला समजावलं, पण दहावा दिवस काही उजाडेना. रविवारी धाकटी चित्रकाराकडे बसू लागली. थोरली टेबलाशी एकटीच जेवायची आणि तिला जेवण जायचं नाही.

एका संध्याकाळी धाकटी चित्रकाराने काढलेला रंगीत नकाशा घेऊन आली. "एकदा नजर टाक. तू बघितल्याशिवाय मला धीर नाही."

नकाशा देखणा होता, हेच तर दुखणं होतं. थोरलीने सवयीने आधी खालचा कोपरा पाहिला आणि चूक तिथेच सापडली. पठ्ठ्याने जुना नकाशा दुप्पट मोठा केला होता, पण खालचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं: एक इंच म्हणजे दहा कोस. तिथे आता पाच कोस लिहायला हवं, हे कार्यालयात काल लागलेला माणूसही सांगेल. राज्यातली एकूण एक वाट दुप्पट लांब झाली होती. खिंडीपासून राजधानीपर्यंतचे तीस कोस साठ झाले होते.

आणि नवं पुस्तक नेमकं त्याच वाटेवर उभं होतं. धाकट्या राजकन्येला फितुरांनी धरलेलं, सूर्यास्ताला तिला मारणार, आणि थोरली राजकन्या पहाटे खिंडीतून निघून, घोडे बदलत, वेळेवर पोचणार. साठ कोस एका दिवसात कोण जातंय? धाकटीचे वाचक नकाशावर पट्टी लावून पत्रं पाठवणारे होते. पाठवू देत. होऊ दे त्या नागोबाची फजिती, मग येतील बाईसाहेब परत.

थोरली मूग गिळून गप्प बसली. कार्यालयातल्यासारखं कागदामागे 'तपासले' लिहून तिने सही ठोकली.

"काहीच नाही निघालं?" धाकटीने विचारलं.

"चांगलाय," थोरली म्हणाली.

पुस्तक आलं. फजिती बघायला थोरली थेट त्या प्रकरणावर गेली. थोरली राजकन्या दुसऱ्या दिवशी दुपारी वेशीतून आत शिरली. धाकट्या राजकन्येला आदल्या संध्याकाळीच मारलं होतं. थोरलीने ते पान पुन्हा वाचलं. तिने फोन लावला.

"अगं, मारलीस का तिला? वाचणार होती ना?"

"छपाईच्या आधी पट्टी लावून बघितलं, तर साठ कोस निघाले. माझ्या डोक्यात तीसच होते."

"मग नकाशाच चुकला असेल, असं नाही आलं मनात?"

"तो म्हणत होता ना, जुन्याशी ताडून बघू म्हणून. मीच चिडले त्याच्यावर. म्हटलं, मागे ताईची सही आहे, आता कसली शंका?"

"चूक होती," थोरली म्हणाली. "मला त्याच दिवशी दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"जळले गं. त्याच्यावर जळले मी."



"दीड महिना लागला मला ते प्रकरण बदलायला," धाकटी म्हणाली. "काही केल्या मरत नव्हती गं ती."