फिरलो मी, हार त्याला

मी एक जुना सेंट्रीफ्यूज आहे. नाव अवघड, काम सोपं. रक्ताची नळी पोटात घ्यायची आणि गरगर फिरवायची. तांबडं खाली बसतं, वर पिवळसर पाणी उरतं. मित्रांनो, कोल्हापुरात विद्यापीठातल्या मेहमुदा मॅडम त्याच पाण्यातली चरबी तपासतात. एकाच घरात, एकाच तुपावर एक जण सुटतो आणि दुसरा काटकच राहतो, ते जनुकांमुळे का, हा त्यांचा शोध. शिवाजी पेठेतल्या तालमींच्या पैलवानांचं रक्त फिरवून मी म्हातारा झालो. मॅडम म्हणायच्या, "ह्याच्याशिवाय माझं पान हलत नाही."

मग जनुकं वाचणारं यंत्र आलं. त्याला एसीची खोली. माझ्या डोक्यावर चहाचे कप. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार, मला कुंकवाचं एक बोट. जळलो मी. का जळू नये?

एकदा राजवीर पैलवानाचं रक्त आलं. मी फिरवलं, तर वरचं पाणी दुधासारखं पांढरं. मॅडमचा चेहरा उतरला. त्याला म्हणाल्या, "एवढी चरबी? घराण्यातला दोष असंल तर कुस्ती सोडावी लागंल."

 मॅडम नळी घेऊन त्या यंत्राकडं निघाल्या. पांढरं दाखवलं मी, आता नाव ते कमावणार! दारात मॅडम थांबल्या.

"उपाशी आलायस न्हवं?"

"व्हय की. पाण्याचा घोटबी न्हाई."

"आणि दूध?"

"ते प्यालोय. पहाटं दुधाच्या कट्ट्यावर, समोर पिळलेली म्हशीची धार. तांब्याभर."

"उपाशी ये म्हटलं होतं."

"उपाशीच हाय की मॅडम. दूध म्हंजे काय खाणं व्हय?"

मॅडम खुर्चीत टेकल्या. "दोष न्हाई रे तुझ्या रक्तात. म्हस हाय. त्या दुधातलीच चरबी ही."

दुसऱ्या दिवशी तो खरंच उपाशी आला. मी फिरवलं. पाणी लख्ख पिवळं. कुस्ती वाचली.

आणि राजवीरनं काय करावं? एसीच्या खोलीत जाऊन त्या यंत्राला हात जोडले. "लई उपकार झालं." त्या यंत्रानं राजवीरच्या रक्ताचा थेंबही पाहिला नव्हता. 

मित्रांनो, माझं बेअरिंग घरघरतंय. जुन्याकडून काम घ्यायचं तर तेलपाणी करा, नाहीतर सरळ भंगारात घाला. पण माझ्या कामाचा नमस्कार दुसऱ्याला घालू नका.