उजव्या हाताची चरखी

मी एक जुनी चरखी आहे. वर्धा जिल्ह्यात चरखी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पेळू, सूत आणि खादी उभी राहणार, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, माझ्यावर सूत कधी चढलंच नाही. माझ्यावर गुंडाळतात ती तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक, चिवट दोरी. मासे धरायच्या काठीला बसवतात ना, ती मी. दुकानात मला रील म्हणतात, पण सेलूला आल्यापासून मी चरखीच झाले. सध्या माझा मुक्काम माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. सोबतीला चार गंजके गळ आणि एक फुटकं बूच. त्यांतलं कोणीच फारसं बोलकं नाही, त्यामुळे मला आठवायला वेळच वेळ असतो.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. पोटात दातेरी चाकं बसवली, वर दोरीची रिकामी फिरकी, आणि बाजूला फिरवायचं हँडल. मला घडवणारा माणूस शहाणा होता. त्यानं माझं हँडल कायमचं एका बाजूला ठोकून टाकलं नाही. एका बाजूला हँडल आणि दुसऱ्या बाजूला स्क्रूचं झाकण, अशी रचना केली. झाकण काढायचं, हँडल ओढून घ्यायचं, आणि हवं तर दुसऱ्या बाजूनं घालायचं. दोन मिनिटांचं काम.

हे कशासाठी, ते सांगते. उजव्या हाताचा माणूस काठी उजव्या हातात धरतो, त्याच हातानं गळ लांब फेकतो आणि मासा लागला की त्याच हातानं हिसका देतो. मग चरखी फिरवायला त्याचा डावा हात मोकळा हवा, म्हणून त्याच्यासाठी हँडल डावीकडे. डावखुऱ्याचं अगदी याच्या उलट. काठी डाव्या हातात, हँडल उजवीकडे. जगात उजवी माणसं जास्त, म्हणून मी खोक्यात बसले तेव्हा माझं हँडल डावीकडे होतं.

अण्णाजी गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या मुलानं, अंकुशनं, मला नागपूरहून आणलं. अण्णाजींना गळ टाकून बसायचा भारी शौक. आयुष्यभर त्यांनी बांबूच्या काठीवर भागवलं होतं. अंगात खादीचा सदरा आणि हातात मासे, म्हणून गावातले लोक त्यांची थट्टा करत. पण गुरुजी कोणाला भीक घालणाऱ्यातले नव्हते. त्यांनी खोकं उघडलं, मला वर-खाली पाहिलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय उलटं आणलं रे? हँडल डावीकडं?"

"बाबा, तसंच असते ते. दुकानवाल्यानं सांगतलं मले," अंकुश म्हणाला.

"दुकानवाल्याले काय समजते? चरखा कोन्त्या हातानं फिरवते? उजव्या. आन् सूत कोन्त्या हातानं काढते? डाव्या. मंग?"

अंकुश रिकामं खोकं आवरायला लागला. मास्तरांची मुलं मास्तरांशी सहसा वाद घालत नाहीत. गुरुजींनी लहानपणी शाळेत सूतकताई केली होती, पुढे कितीतरी वर्षं मुलांना शिकवली होती. फिरवायची म्हणून जी काही वस्तू असेल ती उजव्या हातानं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं. त्यांनी माझं झाकण काढलं, हँडल उजवीकडे घातलं आणि झाकण पकडीनं आवळून आवळून बसवलं, पुन्हा कोणी उलटं करू नये म्हणून. मला तेव्हा दुखलं, पण नव्या घरी पहिल्याच दिवशी तक्रार कोण करतो?

त्यानंतरची वर्षं मात्र सुखाची गेली. दर रविवारी सकाळी आम्ही गावाबाहेरच्या तलावावर जायचो. तिथं मच्छीमार सोसायटीचे नानाजी राखणीला असत. पास बघायचे, विडी पेटवायचे आणि गुरुजींच्या शेजारी येऊन बसायचे. गुरुजी कणकेचा गोळा गळाला लावत आणि उजव्या हातानं मस्त लांब फेकत. पण मासा लागला की पंचाईत. उजव्या हातानं हिसका द्यायचा, मग काठी डाव्या हातात घ्यायची आणि उजवा हात माझ्या हँडलवर आणायचा. या अदलाबदलीत माझी दोरी क्षणभर ढिली पडे आणि मासा निसटून जाई.

नानाजींचे डोळे पाण्यावर मुरलेले. एकदा त्यांनी सांगून पाहिलं, "गुरुजी, तुमी काठी या हातातून त्या हातात घेता, तवाच तो सुटते. हँडल डावीकडं घ्या नं."

"नानाजी, पस्तीस वर्सं मी लेकरायचे हात सुधारले. आता माया हात बिघडवू काय?"

पालथ्या घड्यावर पाणी. नानाजी हसले आणि त्यांनी दुसरी विडी काढली. तरीही दहातले चार मासे आम्ही आणायचोच. एकदा तर चार किलोचा रोहू आला, तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती. गुरुजींनी मला पंच्यानं पुसून सगळ्यांना दाखवलं. एवढा मान मला आधी कधी मिळाला नव्हता आणि नंतरही नाही. पुसायचे ते वरवर, हेही सांगून ठेवते. उजव्या बाजूला तेलाचा थेंब पडायचा. डावीकडच्या झाकणाकडे कोणी बघत नसे.

गुरुजींनी हात सुधारले म्हणजे काय, हे मला पुढे कळलं. त्यांच्या वर्गात एखादं मूल डाव्या हातानं लिहायला लागलं की ते पेन्सिल त्याच्या उजव्या हातात देत. पुन्हा चुकलं तर पुन्हा देत, तिसऱ्यांदा पट्टी. यात त्यांचा राग नसे, हे मी शपथेवर सांगेन. डाव्या हातानं प्रसाद घेता येत नाही, पंगतीत वाढता येत नाही, लोक नावं ठेवतात. तेव्हा आत्ताच वळण लागलेलं बरं, असं त्यांना मनापासून वाटे. आणि त्यांच्याच घरात अंकुशची मुलगी अंकिता डावखुरी निघाली. तिची पेन्सिल त्यांनी पहिलीतच उजवीकडे वळवली होती.

अंकिता नऊ वर्षांची असताना एका रविवारी आमच्याबरोबर तलावावर आली. गुरुजी बाभळीखाली डबा खायला बसले होते. तिनं मला उचललं. कोणी काही शिकवलं नव्हतं. तिनं काठी डाव्या हातात धरली, हात मागे नेला आणि गळ असा फेकला की दोरी माझ्यावरून सळसळत गेली, गुरुजींच्याही पुढे. थोड्या वेळानं दोरीवरचं तरंगतं बूच बुडालं. तिनं डाव्यानं हिसका दिला, आणि तिचा उजवा हात तर हँडलवर आधीपासूनच होता! अदलाबदल नाही, ढिलाई नाही. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं चुकीच्या हातात होते. गुरुजींनी मला नकळत त्यांच्या नातीसाठीच तयार करून ठेवलं होतं.

दोन किलोचा कटला काठावर आला, तसे नानाजी ओरडले, "गुरुजी, हे पोरगी तं पान्यातच जन्मली!"

गुरुजी हात न धुताच आले. त्यांनी मासा पाहिला, आणि मग नातीचा हात पाहिला.

"डाव्या हातानं फेकलं काय वं?"

"हो आबाजी. मले असंच सोपं जाते."

"सोपं जाते म्हनून करायचं नसते, बेटा. आन् ते काठी इकडं. आता उजव्यानं फेक."

तिनं उजव्यानं फेकलं. गळ चार हातांवर पडला. पुढचे सहा-सात रविवार असेच गेले. गुरुजी तिच्या मागे उभं राहून तिचा उजवा कोपर धरत, "असं, असं" म्हणत, आणि मासा लागला की ती त्यांच्यासारखीच काठी इकडून तिकडे घेई. सातव्या रविवारी मोठा मासा लागला. मला त्याचं वजन आतपर्यंत जाणवत होतं. काठी बदलताना दोरी ढिली पडली, तिचा गुंता झाला आणि मासा गेला. अंकिता रडली नाही. तिनं मला खाली ठेवलं आणि म्हणाली, "आबाजी, मी आता नाई येत." गुरुजींना वाटलं, पोरीची जात, कंटाळली असेल. नानाजींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला तर तोंडच नाही. पण असतं तरी त्या दिवशी मी बोलले असते का, हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठवड्यात गुरुजींना लकव्याचा झटका आला. जीव वाचला, बोलणं परत आलं, काठी टेकत चालूही लागले. पण उजवा हात गेला. बोटं वस्तूभोवती मिटत, फिरत मात्र नसत. जेवायला आता डावाच हात उरला. पहिले कितीतरी दिवस ते जेवताना दार लावून घ्यायला सांगत. घरातल्या कोणाला त्याचं कारण विचारावं लागलं नाही.

नानाजी भेटायला आले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "गुरुजी, काठी खाकेत दाबा. फेकून मी देतो. हँडल तेवढं डावीकडं घेतलं, का तुमी बसल्या बसल्या मासा वढता."

गुरुजी डाव्या हातानं उजवी बोटं चोळत बसले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मला वाटलं. पण मी चुकले. त्यांनी हाक मारली, "अंकिता, माळ्यावरचा डब्बा काढ वं."

अंकिता आता वीस वर्षांची झाली होती, वर्ध्याला कॉलेजात जात होती. तिनं मला हातात घेतलं, झाकण फिरवलं. ते हललं नाही. तेल सोडलं, रॉकेल सोडलं, फडक्यात धरून पकड लावली. पंधरा-सोळा वर्षांची माती आणि गंज त्या झाकणात बसला होता. मी आतून जिवाच्या आकांतानं जोर लावत होते, पण आमच्या जातीचा जोर तो काय! शेवटी झाकणाच्या कडा झिजून गोल झाल्या.

"आबाजी, याच्यापेक्षा जोर लावला तं तुटन."

"मीच कसलं होतं ते," गुरुजी म्हणाले. "पकडीनं." मग डबा पुढे सरकवत, "राहू दे. माया हातानं नाई तं नाई. चाल, तू फेक. मी पाहतो."

अंकुशनं दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. तलाव तसाच होता, काठावर बेशरमाची झुडपं तेवढी वाढली होती. गुरुजींना खुर्ची मांडून दिली. अंकितानं गळाला गोळा लावला आणि सवयीनं काठी उजव्या हातात घेतली.

"थांब," गुरुजी म्हणाले. "डाव्यानं फेक."

तिनं वळून पाहिलं. ऐकण्यात चूक झाली असं तिला वाटलं असावं.

"डाव्यानं, बेटा. लहानपनी फेकत होती नं, तसं."

मित्रांनो, मी इतकी आनंदले की काय सांगू! झाकण निघालं नाही ते बरंच झालं, असंही माझ्या मनात येऊन गेलं. तिनं काठी डाव्या हातात घेतली, हात मागे नेला. गळ तिच्या पायाजवळ पडला. ती हसली. दुसऱ्यांदा तो बेशरमाच्या झुडपात अडकला, नानाजींनी जाऊन सोडवला. तिसऱ्यांदा पाण्यात पडला, पण दगड पडावा तसा, काठालाच. तिनं डाव्या हाताची बोटं उघडली, मिटली, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली.

"आबाजी, या हाताले आता येत नाई."

"येत होतं तुले," गुरुजी म्हणाले. "मी पाह्यलं होतं वं. मीच..."

"जाऊ द्या नं. उजव्यानं फेकते." आणि तिनं उजव्यानं फेकलं. कोपर बरोबर, मनगट बरोबर, शिकवल्याबरहुकूम. मग तिनं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या हँडलवर ठेवला. गुरुजींनी तोंड दुसरीकडे फिरवलं. त्या दिवशी एकही मासा लागला नाही.

मी पुन्हा डब्यात आले. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुमच्या घरी असतील तर त्यांच्या वापरात नसलेल्या बाजूलाही कधीमधी तेल द्या. माझी मागणी तेवढीच आहे. पण माणसांच्या हातांची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या बाकावर, तुमच्या घरात कोणी डाव्या हातानं पेन्सिल उचलली, तर ती त्याच्या हातात राहू द्या. मोठ्यांना सांगा, भांडा हवं तर. माझ्यासारखे गप्प बसू नका.

त्या दिवशी तलावावरून घरी येताना गाडीच्या मागच्या सीटवर मी अंकिताच्या मांडीवर होते. गुरुजींनी आपल्या डाव्या हातानं तिचा डावा हात धरला होता आणि सेलू आलं तरी सोडला नव्हता.

"आबाजी, काऊन धरून राह्यले?" तिनं विचारलं.

"लय दूर फेकत होती तू," ते म्हणाले. "मायापेक्षाई दूर."