उसना ढीग

समुद्रपूरच्या भाजीबाजारात एक जुनी रीत आहे. ज्याच्याकडे माल कमी, त्यानं शेजारच्या दुकानातून दोन टोपली वांगी उसनी आणायची, आपला ढीग फुगवायचा आणि संध्याकाळी उरलेली परत करायची. गिऱ्हाईक भरल्या ढिगाकडेच वळतं, हे तिथं सगळ्यांना ठाऊक. यशोदाबाईंनी ही रीत आयुष्यभर पाळली होती. ती देवाच्या घरी चालते की नाही, एवढं विचारायचं मात्र त्या विसरल्या.

गावातली त्यांची लुथरन ख्रिस्ती मंडळी म्हणजे नऊ घरं आणि पत्र्याच्या छपराचं एक प्रार्थनाघर. ते यशोदाबाईंच्या नवऱ्यानं, तानबांनी, स्वतः विटा वाहून उभारलेलं. तानबा गेले, पाळक म्हणजे धर्मगुरू महिन्यातून एकदाच येऊ लागले, आणि मंडळी सांभाळायचं काम आपसूक बाईंच्या अंगावर पडलं. अशा लहानमोठ्या लुथरन मंडळ्यांनी आता आपखुशीनं एक जाळं विणलं होतं. सुवार्तेचं, म्हणजे येशूचा संदेश पोचवण्याचं काम एकमेकांच्या साथीनं करायचं, शिष्य कसे घडवायचे ते एकमेकांकडून शिकायचं. सक्ती कुणावर नाही. त्या जाळ्याच्या पाळक अपेक्षाताई रविवारी भेटायला येणार, असा निरोप मोबाइलवर आला. नऊ घरं पाहून ताई तोंडावर गोड बोलतील, परत जातील आणि विसरून जातील. तानबांच्या हातचं प्रार्थनाघर कुणाच्या खिजगणतीतच राहणार नाही, ही भीती बाईंना खाऊ लागली.

मग त्या बाजारातल्या शेजारच्या कांदेवाल्या भैय्याजींकडे गेल्या. "रविवारी सकाळी घरचे घेऊन प्रार्थनेले येजा, भैय्याजी. जागा भरलेली दिसली पाह्यजे."

भैय्याजी पक्के हिंदू. कपाळी टिळा, दुकानात गणपती. "येतो ना बाई. बसाले काय लागते," ते म्हणाले. रविवारी ते बायको गोपिकाला तर घेऊन आलेच, वर शेजारच्या दुकानदारांची घरंही सोबत आणली.

सतरंज्या भरल्या. बाईंची मान ताठ झाली. गीतं झाली, प्रार्थना झाली. अपेक्षाताईंनी जाळं म्हणजे काय ते समजावलं आणि शेवटी म्हणाल्या, "हे आपखुशीचं काम आहे, म्हणून मंडळीच्या पंचांनी परस्पर ठरवायचं नाही. ज्या घराला जाळ्यात यायचंय, त्यानं देवासमोर उभं राहून हो म्हणायचं."

हे बाईंच्या ध्यानीमनी नव्हतं. नऊ घरं उभी राहिली. बाकीचे सगळे खालीच बसलेले. भैय्याजींनी बाईंचा उतरलेला चेहरा पाहिला आणि तो भला माणूस गुडघ्यावर हात टेकून उठायला लागला.

बाईंनी ते ओळखलं. आपल्या अब्रूपायी हा माणूस देवासमोर खोटं बोलणार होता.

"भैय्याजी, बसा," त्या म्हणाल्या. मग ताईंकडे वळल्या. "हे आमच्या मंडळीचे नाईत, ताई. उसने हायेत. ढीग मोठा दिसावा म्हणून बजारात शेजाऱ्याची वांगी मांडतो आमी, तशी म्या आज मानसं मांडली. माफ करा. आमची नऊच घरं हायेत."

मग ताईंनी भैय्याजींना विचारलं, "तुम्ही कसे काय तयार झालात?"

"मागल्या साली आमची गोपिका बिमार होती," भैय्याजी म्हणाले. "दवाखान्यातून घरी आणली, पन उठता येत नोतं. या बाईनं अन् यांच्या मंडळीतल्या पोरींनी पाळी लावून तिचं आंग पुसलं, डबा आणला. आमच्या धर्मात ये असं कोनी एकदाही म्हटलं नाई. मंग एक सकाळ बसाले मले काऊन जड जाईन?"

गोपिका पदरानं डोळे पुसत होती. अपेक्षाताई बाईंकडे वळल्या. "आमच्या जाळ्यात मोठमोठ्या मंडळ्या आहेत, मावशी. पण शब्द टाकल्याबरोबर शेजाऱ्यांनी आपली माणसं उसनी द्यावीत, अशी एकही मी पाहिली नाही. हे कसं जमवलंत, ते आम्हाला शिकवायला यावं लागेल तुम्हाला."

"आमाले?"

"तुम्हालाच. बरं, आता सांगा, समुद्रपूरच्या मंडळीची घरं किती?"

हा आकडा बाई आजवर पुटपुटतच सांगत आल्या होत्या. आज त्या तानबांनी उभारलेल्या भिंतीपाशी ताठ उभ्या राहिल्या आणि बाजारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नऊ."