चढावर थांबायचं नसतं

ट्रकचं कसं असतं, या दारातून उचलायचं आणि त्या दारात उतरवायचं. मध्ये गोदाम नको, मालाची पुन्हा चढउतर नको, शिवाय सामानाबरोबर घरातलं एखादं माणूसही आयतंच पोचतं. ड्रायव्हर प्रत्येक गिऱ्हाइकाला हे ऐकवायचा. तोट्याबद्दल मात्र तो अवाक्षर काढत नसे, कारण तोटा त्याच्याच घरात झाला होता.

त्याचा थोरला भाऊ मागे सामानापाशी बसायचा. थांबायचं असलं की केबिनच्या पत्र्यावर दोन थापा, असं दोघांत ठरलेलं. गेल्या वर्षी याच घाटात दोन थापा पडल्या. भरलेली गाडी चढावर थांबवली तर पुन्हा उचलताना नाकी नऊ येतात, म्हणून हा शहाणा म्हणाला, चढ संपला की थांबू. वर पोचून बघतो तर दोर तुटलेला आणि भाऊ लोखंडी कपाटाखाली चिरडून गेलेला. ‘इंजिनाच्या आवाजात काहीच ऐकू आलं नाही,’ असं त्याने वहिनींना सांगितलं. स्वतःलाही सांगून पाहिलं.

तेव्हापासून तो खडखडणारा मालच घ्यायचा. रिकामी पिंपं, सळया, पत्रे. लोक म्हणायचे, याला कापूस चावतो की काय! पण त्या गोंगाटात थापा बुडून जायच्या. निदान बऱ्याचदा.

आज इलाज नव्हता. वहिनी घर आवरून माहेरी निघाल्या होत्या. भांडी, कपाटं त्यांनी वाटून टाकली होती. मागे फक्त गाद्या, उशा आणि कपड्यांची गाठोडी. वाजेल असा एकही नग नाही. त्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी बसल्या. खरं सांगायचं तर थापांपेक्षा त्याला वहिनींचीच भीती जास्त होती. त्यांना कळलं, तर या जगात त्याला आपलं म्हणणारं कुणी उरणार नव्हतं.

“आज अगदी गप्प, भावजी?”

“काही नाही. घाट आलाय.”

अर्ध्या चढावर पत्र्यावर दोन थापा पडल्या. सावकाश, नेहमीसारख्या.

त्याने गिअर घट्ट धरला. हे फक्त आपल्यालाच ऐकू येतं, अशी त्याने वर्षभर मनाची समजूत घातली होती.

“भावजी,” वहिनी म्हणाल्या, “मागून कुणीतरी थांबायला सांगतंय.”

“चढ संपला की थांबतो,” तो बोलून गेला.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या.

“त्या दिवशीही असंच म्हणाला होतात?”

त्याने ब्रेक दाबला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, कुणी शिव्याही घातल्या. तो चाकाला दगड लावायला धावला, तोवर वहिनी मागे पोचल्या होत्या. त्यांनी दोरी सोडली, ताडपत्री बाजूला सारली.

“उतरा हो,” त्या गाद्यांकडे बघून म्हणाल्या. “भावजींना थांबायला जरा उशीर झाला.”