अंडं खाली घ्या

भोवऱ्याला अंड्यात शिरायचं होतं. माणूस मावेल एवढं अंडं स्टेजवरून वर, पार दिव्यांपर्यंत चढणार. तिथे ते हवेतल्या हवेत उघडणार, आतून थंड पांढरा धूर ओसंडणार आणि त्या धुरातून पंख लावलेला भोवरा गात बाहेर येणार.

"आणि नाही उघडलं तर?" ताईने विचारलं.

"उघडेल गं. आतून दोरी ओढली की दोन फाका."

"बाहेरूनही एक कडी असू दे."

"अंड्याला बाहेरून कडी? कोंबड्या हसतील आपल्याला!"

सगळे हसले. ताईही हसली, आणि तो विषय तिथेच राहिला.

ताई बँडमध्ये ड्रम वाजवायची. भोवरा तिचा धाकटा भाऊ आणि बँडचा गायक. लहानपणापासून एका जागी टिकला नाही, म्हणून भोवरा. बास गिटारवर मास्तर होता, तो दिवसा शाळेत गणित शिकवायचा. दुसऱ्या गिटारवर लांब्या. आणि पडद्यामागे मामा, म्हणजे आईचा सख्खा भाऊ, धंद्याने सुतार. यांच्या डोक्यात जे काही यायचं ते तो लाकडात आणि कापडात उभं करून द्यायचा. अंडंही त्यानेच केलं होतं, पातळ प्लायच्या पट्ट्या वाकवून. वरून कापड आणि सरसाचे थरावर थर.

त्यांचं गाणं सुरू व्हायचं ते अगदी सरळ. मास्तरचा बास आणि ताईचे ड्रम असे एकमेकांत बसायचे की भिंतीला टेकून उभा असलेला माणूसही पाय हलवू लागे. मग गाणं मध्येच वळण घ्यायचं, ताल बदलायचा, लांब्या कुठल्या कुठे निघून जायचा आणि अर्ध्या तासाने सगळे पुन्हा समेवर भेटायचे. पण लोक नुसते त्यासाठी येत नसत. प्रत्येक कार्यक्रमात ही मंडळी प्रेक्षकांना एकदा तरी फसवायची. एकदा मास्तर आणि लांब्या स्टेजवर असे भिडले की सभागृहाचे रखवालदार सोडवायला धावले. एकदा ताई वाजवता वाजवता कोसळली, आणि कुणीतरी पाणी आणेपर्यंत पडून राहिली. यात आता खरं काय आणि खोटं काय, हे ताडण्यातच लोकांना मजा यायची.

त्या संध्याकाळी सभागृह गच्च भरलं होतं. शेवटच्या गाण्यात भोवरा अंड्यात शिरला, मामाने विंगेतून मोटर चालू केली आणि अंडं डुलत डुलत वर गेलं. तळाशी पत्र्याच्या भांड्यात कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू होता. धुरासाठी ती युक्ती लांब्याने काढली होती. तालमीत त्यांनी मूठभरच बर्फ वापरला होता, तोही अंडं उघडं ठेवून. आज धूर दांडगा हवा म्हणून भांडं भरलं होतं.

भोवऱ्याच्या तोंडाशी छोटा माइक होता. अंडं उघडेपर्यंत त्याचा आवाज सभागृहात जाणार नव्हता. तो फक्त ताईच्या कानात येत होता, म्हणजे तिला त्याचा श्वास धरून वाजवता यावं. लांब्याची गिटार चढत गेली, दिवे लाल झाले, ठरलेली जागा आली. ताईने झांजा दणाणून सोडल्या.

अंडं उघडलं नाही.

लांब्याने वर पाहिलं, डोळा मारला आणि तीच चाल पुन्हा धरली. असं व्हायचं. भोवरा लोकांना ताटकळत ठेवायचा. मास्तरनेही बास पुन्हा पहिल्यापासून घेतला.

ताईच्या कानात श्वास भरभर यायला लागला होता. धावून आलेल्या माणसासारखा. मग ठोके ऐकू आले, आतून अंड्यावर मारलेले. नेमके समेवर. तिला वाटलं, नवीन काहीतरी काढलंय याने. तिने त्या ठोक्यांना पायातल्या मोठ्या ड्रमची जोड दिली. पुढचं आवर्तन, पुन्हा ठोका. पुढच्याला ठोका उशिरा पडला.

भोवरा काहीही चुकेल, पण सम चुकणार नाही. ताप अंगात असताना, घसा बसलेला असताना, एकदा तर पाय मुरगळलेला असताना तो तिच्याबरोबर समेवर आला होता.

"ताई," कानात आवाज आला. जड, झोपेतल्यासारखा. "ताई, दोरी..."

स्टेजवर तो तिला कधीच ताई म्हणत नसे.

ती उठून उभी राहिली. "थांबा! अंडं खाली घ्या!"

"अंडं खाली घ्या!" समोरून शेकडो लोकांनी साथ दिली, टाळ्या वाजवत.

ड्रम थांबले तसा मास्तर एकटा बास वाजवत राहिला. त्याला वाटलं, ताईने जागा रिकामी सोडलीय, आपण भरायची. लांब्याने तर गुडघे टेकले आणि गिटार तिच्याकडे उंचावली. ताई विंगेकडे धावली. मामा मोटरपाशी उभा होता, चेहऱ्यावर हसू.

"मामा, खाली घे. तो गुदमरतोय."

"आज तू पडणार की तो?"

"मामा, आईची शपथ!"

मामाचं हसू गेलं. घरात ती शपथ कुणी उगाच घेत नसे. त्याने बटण दाबलं आणि अंडं खाली यायला लागलं. किती हळू! तिच्या कानातला श्वास आता तुटक झाला होता, आणि लोक अंड्याच्या प्रत्येक झोक्याला ओरडत होते.

अंडं टेकलं. ताईने फटीत बोटं घातली, नखं मोडली. फट हलेना. मग तिने झांजेचा लोखंडी स्टँड उचलला आणि घातला अंड्यावर. एक घाव. दुसरा. मास्तरने तिच्या घावांना बास जोडला, लांब्याने गिटार, आणि सगळं सभागृह तिच्या घावांवर टाळ्या वाजवू लागलं. ती मुद्दाम वेडावाकडा घाव घाले, तर तेही तिच्या मागोमाग वळत. आपला भाऊ आत मरतोय आणि आपण त्याचा ताल धरतोय, असं तिला झालं. ती रडत होती, ओरडत होती, आणि त्यालाही लोक दाद देत होते.

मास्तरला तिचा हात दिसला. बोटांतून रक्त वाहत होतं. रंग नव्हता तो. त्याने बासची वायर उपटली आणि गिटार तशीच जमिनीवर टाकली. ती आदळल्याच्या आवाजाने लांब्या दचकला आणि थांबला. तोवर मामा छिन्नी घेऊन पोचला होता. स्वतःच घडवलेली अंड्याची पाठ त्याने दोन फटक्यांत फाडली.

पांढरा धूर जमिनीवर पसरला. त्यातून भोवरा बाहेर आला, पण गात नाही. मामाने त्याला काखेत धरून ओढलं. पंख दुमडलेले, ओठ निळे. हाताच्या मुठीत दोरीचा तुटलेला तुकडा.

सभागृहात एकच जल्लोष झाला.

"हे खरं आहे!" मास्तर माइकवर ओरडला, वर्गात कधी ओरडला नसेल तसा. "बंद करा टाळ्या! खरं आहे हे!"

टाळ्या एका कोपऱ्यात विरल्या, मग दुसऱ्या. पहिल्या रांगेतली एक बाई कठडा ओलांडून वर चढली. ती परिचारिका होती. तिने सगळ्यांना बाजूला सारलं, भोवऱ्याला धुरापासून लांब ओढायला लावलं, हनुवटी वर केली आणि त्याच्या तोंडात श्वास भरू लागली. ताई त्याचे पाय धरून बसली. एवढी माणसं, आणि खोकल्याचाही आवाज नाही.

मग भोवरा खोकला.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो उठून बसला. डोकं दुखत होतं, उलट्या थांबल्या होत्या. लांब्या दारातच घुटमळत होता. बर्फाची युक्ती आपली, हे त्याच्या मनातून जात नव्हतं. भोवऱ्यानेच त्याला हाक मारून आत घेतलं.

"ठोके समेवर कशाला देत होतास?" ताईने विचारलं. "धडाधडा ठोकायचं ना, गाढवा."

"सुचलंच नाही," तो म्हणाला. "दोरी तुटली, घाबरलो. आणि घाबरलो की मी तुझा ताल धरतो."

ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं.

मग तो म्हणाला, "लोक म्हणतायत, असा शेवट कुणी पाहिला नव्हता. ते अंडं फोडणं आपण ठेवू या का? नीट बसवून?"

"ठेव," ताई म्हणाली. "ड्रमवाली दुसरी शोध."

ती हे खेळात म्हणत नव्हती, हे त्याला कळलं. त्याने चादरीची किनार बोटाभोवती गुंडाळली, सोडली. शेवटी म्हणाला, "बरं."

पुढच्या कार्यक्रमात ते चौघे रोजच्या कपड्यांत स्टेजवर आले. लोक बराच वेळ वाट पाहत होते, कुठूनतरी काहीतरी निघेल म्हणून. मागून कुणीतरी ओरडलं, "अंडं कुठंय?" काही हसले. मध्यंतरात थोडे लोक निघून गेले, आणि ते जाताना मास्तर दाराकडे पाहत राहिला.

भोवऱ्याचा आवाज अजून बसकाच होता. शेवटच्या गाण्यात त्याने वरची पट्टी घ्यायची हिंमत केली आणि आवाज फाटला. तो थांबला, वळून ताईकडे पाहू लागला. तिने काठ्या खाली ठेवल्या नाहीत. मान हलवली आणि तीच जागा पुन्हा दिली, या वेळी जरा सावकाश. तो खालच्या पट्टीत आला, नेमका समेवर.