दोन विटांचा चढ

पासष्टच्या लढाईत माझ्या भावाचे, श्रीरंगचे, दोन्ही पाय गेले. चाकांच्या खुर्चीत बसून तो अधारतालच्या घरी आला आणि पुढचे चार महिने त्याने अंगणही पाहिलं नाही. ओटा दोन फूट उंच, चढायला पायऱ्या. बाबांनी उचलून उतरवायचं म्हटलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

बाबा तोफगाड्यांच्या कारखान्यात फिटर. एका रविवारी त्यांनी ओट्यापुढे जमिनीवर चार फूट पाया धरून फळ्यांचा उतार ठोकला.

"उंचीइतकाच पाया असला तर पंचेचाळीस अंश. इथं चढ निम्मा, मंग कोनही निम्मा. साडेबावीस!"

मी बी.एस्सी.ला गणित घेतलेलं, त्यात जन्माची चिकित्सक. ओळंबा आणि कोनमापक लावलं तर साडेसव्वीस भरले. तुझं कोनमापकच वाकडं, असं म्हणून बाबांनी स्वतःचं पोलादी आणलं. त्यातही साडेसव्वीस! चढ निम्मा झाला तरी कोन निम्मा होत नाही हे पुस्तकात होतंच, पण डोळ्यांनी पाहिल्यावर मला नाचावंसं वाटलं.

"चार अंशांनी काय होते? मी मागून ढकलीन ना," बाबा म्हणाले.

"मंग बांधून काहून राहिले? उचलाच की!" आतून श्रीरंग ओरडला.

बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांची दया आली, पण श्रीरंगचंही पटलं.

"तुला स्वतःला किती चढ जमते?" मी त्याला विचारलं. हे आजवर आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

आतल्या खोलीत एक जुनं दार आडवं टाकलं, पाया सहा फूट धरला, आणि एका टोकाखाली तीन इंची वीट ठेवली. श्रीरंग चढला. दोन विटांवर दातओठ खात चढला. तीन विटांवर मात्र घसरला आणि चक्क हसला.

"दोनच विटा. सहा इंच भागिले बहात्तर इंच," तोच म्हणाला. "बारात एक. कोन सांग, शरयू."

मी लॉग टेबल उघडलं. "पाच अंशांना जरा कमी."

"अच्छा! मंग दोन फुटांना चोवीस फूट पाहिजे."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी ठोकलेल्या फळ्या उखडल्या आणि घराच्या कडेने, पार मागच्या फाटकापर्यंत, चोवीस फुटी उतार घातला.

पहिल्याच दिवशी श्रीरंग तासभर बाहेर फिरून आला. तो चढायला लागताच बाबा हात पुढे करून मागे धावले. तो दोनदा थांबला, पण एकटाच वर गेला. बाबांचे हात तसेच रिकामे राहिले.

वर दार लोटलेलं होतं.

"बाबा, दार तर उघडा. कधीचा थांबून राहिलो."

बाबा पुढच्या पायऱ्यांवरून धावत वर गेले.